घारापुरीचा एक दिवस : कष्टाच्या शरीराला विसावा



डिसेंबर जवळ आला की आपल्या वस्त्यांत पिशव्या भरायला सुरुवात होते. तेर, ढोकी, कळंब, धाराशिव या भागातली माणसे पाच तारखेच्या आत गाडी धरतात. सहा तारखेला दादरला चैत्यभूमीच्या रांगेत उभी राहतात, अभिवादन करतात, पुस्तके घेतात आणि त्याच रात्री परतीची वाट धरतात. दोन रात्री बसून आणि एक दिवस उभे राहून काढलेला असतो. घरी येतात तेव्हा पाय सुजलेले, घसा बसलेला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर.

यंदा या पानावर मला एक वेगळीच सूचना करायची आहे. ज्यांना जमेल त्यांनी आणखी एक दिवस थांबावे आणि घारापुरी बेटावर जावे. तिथे कोणते मोठे कार्य करायचे नाही. चालायचे, बघायचे, बसायचे, पडायचे. सहल म्हणूनच जायचे.

हे लिहिल्यावर काही जण म्हणतील, आरोग्याच्या पानावर सहल कशाला? म्हणून आधी तेच बोलू.

कष्ट झाले म्हणजे व्यायाम झाला का?

"आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला आलाय व्यायाम आणि कसली आलीय सुट्टी?" हे वाक्य मला वस्तीतल्या प्रत्येक बैठकीत ऐकायला मिळते. पण खुरपणी करणारी बाई आठ तास कमरेत वाकलेली असते. वीटभट्टीवरचा गडी त्याच बाजूला वळून तेच ओझे शेकडो वेळा उचलतो. तेच स्नायू, तेच सांधे, आणि दम लागला तरी थांबायची मुभा नाही. अशा कामात छातीचे ठोके आणि रक्तदाब तासन्तास चढलेले राहतात. मोकळ्या वेळात चालणाऱ्याचे तसे नसते. पाठ सरळ असते, श्वास खोल जातो, गती आपल्या हातात असते, दमलो की टेकता येते. परदेशातल्या संशोधकांनाही हेच आढळले आहे. मोकळ्या वेळातल्या हालचालीने हृदयाला जो फायदा होतो, तो जड अंगमेहनतीच्या कामाने तसा मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करायला सांगते. मध्यम गती ओळखायची कशी? चालताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, पण भीमगीत म्हणायला गेलो तर दम लागला पाहिजे. तेवढी गती पुरे.

भगवान बुद्धांनी भिक्खूंना चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, पाच लाभ सांगितले. ते अंगुत्तर निकायात आहेत. आजार कमी होतात आणि खाल्लेले नीट पचते, हे त्यातले दोन.

विश्रांतीचे म्हणाल तर ती चैन आहे असे आपल्या मनात कोणीतरी भरवले आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४५ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला पगारी सुट्टी मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. म्हणजे विसावा हा कामगाराचा हक्क आहे, हे कायद्यात लिहिले गेले त्याला आता ऐंशी वर्षे झाली. आपल्या भागातल्या ऊसतोडीला मात्र अजून ती सुट्टी नाही. तिथे एक दिवस अंग टाकले की खाडा धरला जातो आणि पैसे कापले जातात. म्हणून हा लेख वाचून जे डिसेंबरात फडातच असतील, त्यांच्यासाठी शेवटी वेगळे लिहिले आहे. त्यांना वगळलेले नाही.

घारापुरी म्हणजे काय

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून साधारण दहा किलोमीटरवर हे बेट आहे. जिल्हा रायगड, तालुका उरण. गेटवेहून सकाळी नऊच्या सुमारास बोटी सुटू लागतात आणि पोचायला तासभर लागतो. पोर्तुगीजांना तिथे दगडाचा मोठा हत्ती दिसला म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा नाव दिले. तो हत्ती आता भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. बेटावरच्या गावांना समुद्राखालच्या केबलने वीज मिळाली ती थेट २०१८ साली. मुंबईचे दिवे रोज समोर दिसत असताना!

पश्चिमेकडच्या टेकडीत मोठी शैव लेणी आहेत. त्यातली सुमारे सहा मीटर उंचीची त्रिमूर्ती जगप्रसिद्ध आहे. १९८७ पासून हे ठिकाण जागतिक वारसा यादीत आहे. पण आपल्या लोकांना सहसा कोणी सांगत नाही ती गोष्ट वेगळीच. पूर्वेकडच्या टेकडीला स्तूप टेकडी म्हणतात, आणि तिथे विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. तेरच्या माणसाला हे ऐकून नवल वाटू नये. आपल्या गावातही उत्खननात विटांचा स्तूप सापडला आहे. आपल्या त्रिविक्रम मंदिराची पाठीमागून गोल असलेली विटांची इमारत मुळात चैत्यगृह होती, असे अभ्यासक मानतात. तगर नगराचा माल बंदरांकडे जात होता, बंदरांवर स्तूप होते. दोन्हीकडच्या विटा पाहिल्या की ते जुने नाते डोळ्यांसमोर येते.

लेणी सोमवारी बंद असतात. सात तारखेला सोमवार आला तर बेत बदलावा. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांचे तिकीट लागत नाही.

निघण्याआधी शरीराची चौकशी

दोन जिने चढल्यावर छातीत दाबल्यासारखे होते, डावा हात किंवा जबडा दुखतो, दरदरून घाम येतो, अशी तक्रार असेल तर आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. बेटावर काही झाले तर परत यायला तास लागतो, हे विसरू नका.

साखरेचा आजार असलेल्यांनी नीट वाचावे. चालल्याने साखर उतरते. ते चांगलेच आहे. पण जे इन्शुलिन घेतात किंवा साखर झपाट्याने खाली आणणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांची साखर चालण्याच्या दिवशी फार खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणे, गार घाम, एकदम भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघावे. बरे वाटले की भाकरीचा तुकडा खायला द्यावा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. साखरेची पुडी स्वतःच्या खिशात हवी. सुनेच्या पिशवीत ठेवली आणि सून पुढच्या बोटीत बसली, असे होते. या आजारात पायाची संवेदना कमी होते, म्हणून नवी चप्पल त्या दिवशी काढू नका. जुनी, अंगवळणी पडलेलीच घाला. रात्री तळपाय उजेडात धरून फोड, जखम बघा.

रक्तदाबाच्या गोळ्या प्रवासातही चुकवायच्या नाहीत. लघवी वाढवणारी 'पाण्याची गोळी' पुष्कळ जणी प्रवासात गुपचूप बंद करतात. बंद करण्याऐवजी तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

बोटीत

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. पंधरा माणसांचा जीव गेला, त्यात लहान मूलही होते. त्यानंतर जीवरक्षक जाकीट घालणे सक्तीचे झाले. तरी उकडते म्हणून ते मांडीवर ठेवणारे लोक असतात. आपण तसे करू नये. आपल्यापैकी बहुतेकांना तेरणेच्या डोहापलीकडे पोहणे माहीत नाही, आणि हा तर समुद्र आहे.

बसल्याबरोबर जाकीट घाला आणि सगळे पट्टे लावा. मुलाला घातल्यावर खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढून बघा. जाकीट हनुवटीच्या वर सरकत असेल तर ते मोठे आहे, लहान मापाचे मागा. ते मिळाले नाही तर त्या बोटीत बसू नका. बोट भरून वाहत असेल तर पुढची बोट घ्या. घाई कसली आहे?

मळमळ होणाऱ्यांनी बोटीच्या मधल्या भागात बसावे, मोबाइलमध्ये मान घालू नये आणि दूर आकाश-पाण्याच्या रेषेकडे बघावे. उपाशी पोटी निघू नये, तसे वडापाव चेपूनही निघू नये. एखादी चपाती, केळे एवढे खावे.

उकाडा वेगळा, पायऱ्या वेगळ्या

आपण मराठवाड्याची माणसे, ४२ अंशांत शेतात उभे राहणारी. मग मुंबईत डिसेंबरातही अंग का गळून जाते? आपल्याकडची हवा कोरडी असते. घाम आला की तो लगेच उडतो आणि उडताना अंगाची उष्णता घेऊन जातो. समुद्राकाठच्या हवेत आधीच बाष्प भरलेले असते, त्यामुळे घाम उडत नाही, नुसता ओघळतो. पाणी तर जाते, पण अंग गार होत नाही. म्हणून तिथे तहान लागायची वाट न बघता घोट घोट पाणी प्यायचे. पाणी घरून किंवा गेटवेहून भरून न्यावे. फार घाम गेला, जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे द्यावे. माप सपाट चमच्याचे धरावे. मीठ जास्त पडले तर अपायच होतो.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी तिने जावे. बाकीच्यांनी चालावे. दोन्ही बाजूंना पाणी, ओहोटी असेल तर चिखल, त्यात बगळे, पलीकडे कांदळवन. पुढे सुमारे १२० पायऱ्या आहेत, दुतर्फा दुकाने.

पायऱ्यांचा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तो घरच्या जिन्यालाही लागू पडतो. एक गुडघा जास्त दुखत असेल तर चढताना बरा पाय आधी वर टाकायचा, आणि उतरताना दुखरा पाय आधी खाली ठेवायचा. गुडघ्यावर ताण चढण्यापेक्षा उतरताना जास्त पडतो, म्हणून उतरताना कठड्याचा किंवा काठीचा आधार घ्यायला लाजू नका. वीस पायऱ्या झाल्या की बाजूला थांबा, दोनदा खोल श्वास घ्या, बोलता येते का बघा. पोरे पळत वर जातील. जाऊ द्या त्यांना.

माकडे फार आहेत. हातात पिशवी, खाऊ, बाटली दिसली की ओढतात. त्यांना खायला घालू नये आणि डोळ्याला डोळा भिडवू नये. चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजची लस सुरू करावी. हळद, चुना, तंबाखू भरू नये.

स्तूप टेकडीकडे झाडीतली वाट आहे. तिकडे तरुणांनी मिळून, बूट घालून, गावकऱ्यांना विचारून जावे. आजी-आजोबांना आग्रह करू नये. पाण्यात उतरायला ही जागा नाही. काठाला चिखल आणि भरतीचे पाणी आहे. आणि पोरांनो, बाटलीचे बेत वस्तीतच सोडून या. पंचशील राहू द्या बाजूला, नुसते शरीराचे बघितले तरी दारू, ऊन आणि बोट हे तिन्ही एकत्र येणे म्हणजे अपघाताला बोलावणे आहे.

बसायचे कसे

आमच्या वस्तीतली काही घरे मिळून एकदा गेलो होतो. लेणी बघून झाल्यावर सावलीला चटया टाकल्या. आमच्यात साठी ओलांडलेल्या एक मावशी होत्या, जन्मभर रोजंदारी केलेल्या. बसल्या, उठल्या, डबे आवरायला लागल्या. कोणीतरी डबे हातातून काढून घेतले. तर म्हणाल्या, "आवो ताई, नुसतं बसायचं? मग काम काय करायचं?" सगळे हसले. पण मला ते हसू फार वेळ टिकवता आले नाही. साठ वर्षांत या बाईला कोणी नुसते बसू दिले नव्हते.

म्हणून हा भाग सविस्तर लिहिते. आधी पाय. गाडीत रात्र बसून आणि रांगेत दिवस उभे राहून पायांत पाणी उतरते. चटईवर उताणे पडा, टाचा पिशव्यांच्या ढिगावर ठेवा, पाय छातीपेक्षा वर आले पाहिजेत. पंधरा मिनिटे तसेच राहा आणि मधूनमधून पावले पुढे-मागे हलवा. दोन्ही पायांची सूज अशाने उतरते. पण लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखली, तर तिला चोळू नका. तिथे रक्ताची गुठळी असू शकते. सरळ रुग्णालयात जा. सोबत धाप लागली तर १०८ ला फोन करा.

मग श्वास. मनातल्या मनात चार अंक मोजत नाकाने आत घ्या, सहा अंक मोजत बाहेर सोडा. पोट हलले पाहिजे, खांदे नव्हे. विहारात आनापान केलेल्यांना हे नवीन नाही. बाहेर सोडलेला श्वास लांब झाला की ठोके मंद होतात, जबडा सैल पडतो, कपाळाची आठी जाते. दहा मिनिटे पुरेत. झोप लागली तर लागू द्या. मोबाइल एकाच्या पिशवीत सगळ्यांचे जमा करून ठेवा. फोटो जाताना-येताना भरपूर निघतात.

मुलांना या वेळात बसवू नका. त्यांना रोज तासभर तरी धावपळ हवी असते. मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचे धूसर दिसण्याचा चष्मा लागण्याचे प्रमाण कमी आढळते. खोलीत दिवसभर मोबाइल बघणाऱ्या मुलासाठी एवढे मोठे आकाश हे औषधच आहे.

त्या मावशी पुढे तासभर निजल्या. उठल्यावर त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते, "भाकरी उरल्यात का?"

बायांच्या सुट्टीबद्दल

सहलीला बाईने पहाटे तीनला उठून पन्नास चपात्या लाटायच्या, डबे वाहायचे, वाढायचे आणि शेवटी खरकटे गोळा करायचे, तर ती सुट्टी घरातल्या बाकीच्यांची झाली. तिची नाही. एक दिवस भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, काकडी, केळी यावर सगळ्यांचे भागते. दही, ओली भाजी, भात नेऊ नका. उकाड्यात ते दुपारपर्यंत आंबते. वाढणे आणि आवरणे पुरुषांनी करावे. यात मोठे समाजकार्य नाही, साधी वाटणी आहे.

दुसरी गोष्ट बाया आपसातही बोलत नाहीत. शौचालय मिळेल का या भीतीने प्रवासात पुष्कळ जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवी अडवून धरणे आणि पाणी न पिणे, दोन्हीने लघवीचा संसर्ग होतो. परतल्यावर दोन दिवसांनी जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणे सुरू होते. यावर उपाय असा, की बोटीत चढण्यापूर्वी सगळ्या जणींनी शौचालयाला जाऊन घ्यायचे. बेटावर उतरल्यावर सोबतच्या पुरुषांपैकी एकाने आधी शौचालय कुठे आहे ते बघून यायचे. सुटे पैसे आणि साबण एका पिशवीत वेगळे ठेवायचे. पाळी चालू असेल तर घरी थांबण्याचे कारण नाही. जादा पॅड आणि कागद सोबत घ्या.

ज्यांना जाता येणार नाही त्यांच्यासाठी

ऊसतोडीचे लोक उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. तेव्हा कोकणपट्टीचा उकाडा असा असतो की बेटावर जाण्यात विसाव्यापेक्षा त्रासच जास्त. त्यांनी आणि मुंबईचे भाडे न परवडणाऱ्यांनी हाच दिवस तेरमध्ये काढावा. सकाळी ऊन चढायच्या आत वस्तीतून निघून तेरणेच्या काठाने चालावे. त्रिविक्रमाच्या विटा बघाव्या. मग रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जावे. आपल्या पायाखालच्या मातीतून निघालेल्या वस्तू तिथे आहेत. बाहेरगावची माणसे ते बघायला येतात, आणि आपल्यातल्या कित्येकांनी त्याचे दारही ओलांडलेले नाही. दुपारी झाडाखाली चटई, पाय वर, श्वास चार आणि सहा. त्या दिवशी चूल बंद.

कोयता टेकवून आलेल्यांनी पहिले चार-पाच दिवस जास्त चालू नये. आधी झोप भरून काढावी, कंबर आणि गुडघे दाखवून घ्यावे, बायांनी रक्तातले हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. मग रोज पंधरा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत.

आमच्याकडे रविवारी संध्याकाळी पाचला विहारासमोरून चालायला निघायचे ठरले आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी आणावी, साखर असणाऱ्यांनी पुडी आणावी, आणि प्रत्येकाने पाण्याची बाटली आपली आपण आणावी.